तात्या सूर्यवंशींचा लाल ठिपका

तात्या सूर्यवंशींनी उभ्या जन्मात तयार वस्तू विकत आणली नाही. साखर कारखान्यात वायरमन म्हणून उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि घरातला पंखा, इस्त्री, रेडिओ, पाणी तापवायची कॉइल असं सगळं त्यांनी भंगारातून आणून जोडलेलं. त्यातलं निम्मं चालायचं. उरलेलं निम्मं चालेल अशी त्यांची खात्री असायची. सांगलीत त्यांच्या गल्लीत कुणाचा फ्यूज उडाला की हाक तात्यांनाच, आणि तात्या आले की दोन घरांचे फ्यूज उडायचे, असं त्यांची बायकोच सांगायची.

बायको अनसूया. सगळे अनसाबाई म्हणत. ही बाई बोलायची म्हणजे काय बोलायची! नळाला पाणी भरताना सुरू झाली की रात्रीच्या भांड्यांपर्यंत. "आमच्या ह्यांची इस्त्री कपड्याला लावली तर कपडा सोडत न्हाई, आन माणसाला लावली तर माणूस," असं तोंडावर म्हणायची आणि तात्या न ऐकल्यासारखं करायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात आवाज होता तो तिचा, आणि तात्यांच्या पाठीचा तिला शेजार. कारण तात्या घरी आले की खिडकीपाशी टेबलावर, दाराकडे पाठ करून, काहीतरी उघडून बसलेले. ती पाठीशी बोलायची. चाळीस-एक वर्षांचा संसार असाच झाला. तक्रार कुणाचीच नव्हती, निदान ऐकू येईल अशी नव्हती.

शहाण्णवच्या शिमग्यात पुरण वाटताना अनसाबाई बसल्या जागी कलंडल्या. दवाखान्यातून घरी आणल्या तेव्हा मानेखालचं काही हलत नव्हतं आणि वाचा गेली होती. मान वळायची, डोळे फिरायचे, पापण्या मिटायच्या. समजत सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला यात समाधान माना. दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही. तो आला की हेही उरणार नाही.

बोलणाऱ्या बाईचं बोलणं गेलं. तात्यांना ते घर ऐकवेना.

अंग पुसायला, कूस बदलायला शालूबाई नावाची गल्लीतलीच विधवा बाई यायची. तिनं पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट हेरली. संध्याकाळ झाली की अनसाबाई मान वळवून खिडकीकडे बघत आणि घशातून "उं, उं" असा आवाज काढत.

"तात्या, कायतरी सांगायचंय त्यास्नी," शालूबाई म्हणाली.

तात्या विचारायचे. पाणी? पेज? दुखतंय? चादर? होय असेल तर डोळं मिट, असं ठरलेलं. ती टक लावून बघत राहायची. आता यात एक गोम आहे, आणि ती आजाऱ्यापाशी बसलेल्या प्रत्येकाला कळायला हवी. विचारणाऱ्याच्या डोक्यात जे असतं तेवढंच तो विचारतो. जे त्याच्या डोक्यातच नाही ते उत्तरात येणार कुठून?

अनसाबाईंची भाची उमा साताऱ्याला कॉलेजात शिकवायची. मे महिन्यात ती आली. येताना बालवाडीचा बाराखडीचा तक्ता घेऊन आली आणि आत्याच्या समोर धरून एकेका अक्षरावरून बोट फिरवत बसली. हवं ते अक्षर आलं की आत्यानं डोळे मिटायचे. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. "पं" आलं. बऱ्याच वेळानं "खा" आलं.

"पंखा!" तात्यांनी लगबगीनं पंख्याचं बटण पाचावर नेलं. अनसाबाईंनी जोरात "उं" केलं. उमानं उठून पंखा बंद केला, तसा अनसाबाईंनी सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले. सगळे उन्हाळ्याचे म्हणून तिच्या तोंडावर रात्रंदिवस वारा सोडत होते, आणि तिचे डोळे कोरडे पडून आग होत होती. हे कुणी कधी विचारलं असतं?

"बघा," उमा म्हणाली. "रोज अर्धा तास बसा तात्या. एवढंच करायचंय. ही खुर्ची इथं घ्यायची, आणि बसायचं."

"एका शब्दाला भात शिजून खाली उतरतोय," तात्या म्हणाले. "ह्या चालीनं तिचं एक वाक्य व्हायला दिवाळी येईल. मान हलतीय न्हवं तिची? मग तिचं तिला बोलता यायला पायजे. माझ्या बोटावर कशाला अवलंबून?"

म्हणणं चुकीचं नव्हतं. माणूस शहाणपणाचं बोलतो आणि त्याच शहाणपणानं बुडतो.

त्यांनी आधी तिच्या डोक्याला बॅटरी बांधून पाहिली. उजेडाचा गोळा एका वेळी दहा-बारा अक्षरांवर पडे. मग उमाच बोलून गेली की पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी व्याख्यानात पेनासारखी एक चीज वापरली होती, तिचा लाल ठिपका लांबच्या पडद्यावर अगदी बारीक पडत होता. लेझर म्हणतात. तात्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून तिला वाटलं, आपण बोललो ते चुकलं.

"मी चौकशी करते. मुंबईला मिळेल विकत," ती घाईनं म्हणाली.

"इकत कशाला? मी करतो."

"तात्या, तुम्हाला लेझरमधलं काय येतं?"

"चारशे चाळीस व्होल्टशी संसार केलाय मी. दोन सेलवरच्या वस्तूला भ्यायचं?"

झालं. तक्ता लहान पडेल म्हणून तात्यांनी पलंगासमोरच्या भिंतीवर ऑइलपेंटनं वीतभर आकाराची सगळी बाराखडी रंगवली. सुरेख रंगवली. उमानं पलंगाजवळ ओढलेली लोखंडी खुर्ची त्यांनी पायथ्याशी भिंतीला सरकवली आणि तिच्यावर पकड, तारांची भेंडोळी, सोल्डरिंग गन असा पसारा मांडला. आणि स्वतः खिडकीपाशी टेबलाशी, पाठ करून.

गणपती पेठेत नियाजचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तात्यांच्या निम्म्या वयाचा, पण दोघांची गट्टी. नियाजनं एका हॉटेलवाल्याच्या मोडक्या सीडी प्लेअरचं आतलं यंत्र काढून दिलं. "ह्यातबी लेझरच असतंय तात्या. डोळ्यासमोर धरू नका तेवढं, आंधळं व्हाल."

लेझर पाडणारा डायोड त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याला तीन पाय. तात्यांनी दोन सेल जोडले, करंट आवरायला मध्ये रेझिस्टन्स टाकला, भिंतीकडे धरलं. काही नाही. रेझिस्टन्स कमी केला. काही नाही. कारखान्यातली जाड तार बेधडक जोडावी तसा मग थेट जोडला. तरी काही नाही. डायोड मात्र बोटाला चटका देऊन गार झाला.

"मेलेलाच दिला व्हय रं मला?" तात्या दुकानात जाऊन म्हणाले.

नियाजनं दोन दिवस मिरजेत, कोल्हापुरात विचारलं आणि पडलेल्या तोंडानं दुकानात परतला. "तात्या, सीडीचा उजेड माणसाच्या डोळ्यांस्नी दिसतच न्हाई म्हणे. जिवंत होता तो. पहिल्या सेलापासनं चालू होता. तुमी दिसंना म्हणून करंट वाढवत गेला आन जाळला."

तात्या दुकानातून उठले. घरी आले तेव्हा अनसाबाई खिडकीकडे बघून "उं, उं" करत होत्या.

"करतोय गं," ते म्हणाले. "जरा दम धर की."

लाल उजेडाचा डायोड नियाजच्या मेव्हण्यानं मुंबईहून आणला तोवर आषाढ सरला होता. यावेळी तात्यांनी जपून जोडला आणि अंधारलेल्या भिंतीवर लाल फराटा उमटला. ठिपका नव्हे, कुणी ओल्या हातानं कुंकू पुसावं तसा लांबट फराटा. पण उजेड! तात्यांनी शालूबाईला हाक मारली, अनसाबाईंना दाखवलं. अनसाबाईंनी फराट्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं. त्या हसल्या असं तात्यांना वाटलं. तोंडाची एकच बाजू हलत असल्यानं खात्री नव्हती.

फराट्याचा ठिपका करायला भिंग पाहिजे, म्हणून त्यांनी ते सगळं उपटून पुन्हा बसवलं. अंगात टेरिकॉटचा शर्ट, बसायला नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची. सेल सोडवताना एकदा बोट डायोडच्या पायांना लागलं, एवढंच. त्यानंतर तो पेटायचा, पण देवापुढच्या लाल बल्बासारखा. मंद. जवळ नेलं तर दिसायचा, भिंतीपर्यंत पोचायचा नाही. तात्यांनी सेल बदलले, तारा बदलल्या, भिंग पुढंमागं केलं. उजेड होता, धार नव्हती.

उमानं कॉलेजातल्या पुष्कर नावाच्या फिजिक्सच्या सरांना विचारून एक आकृती पाठवली आणि फोनवर सांगितलं, "अंगातल्या स्थिर विजेनं जातो म्हणे तो. स्वेटरमधून चटचट होतं ना, तेवढ्यानं. सुती कपडे घाला, मनगटाला तांब्याची तार बांधून तिचं दुसरं टोक नळाला बांधा."

"बांधून ठेवा म्हणावं मला आता, बैलासारखं."

"तात्या, आत्याजवळ बसता का?"

"तिचंच काम करतोय की दिवसभर."

"बसता का, असं विचारलं मी."

"बसून काय हुतंय, उमा? बसून कुणाचं काय भलं झालंय?" आणि त्यांनी फोन ठेवला.

पण मनगटाला तार बांधली. घरातून नळापर्यंत तांब्याची तार, एका टोकाला तात्या. शालूबाईला बादली घेऊन तिच्यावरून उडी मारून जावं लागे. "ह्या घरात येक माणूस बिछान्याला बांधलंय आन येक नळाला," ती पुटपुटायची. तिला कुणी उत्तर द्यायचं नाही. पूर्वी अनसाबाईंनी दिलं असतं, आणि ते गल्लीभर झालं असतं.

सरांच्या आकृतीबरहुकूम करंट एकसारखा धरून ठेवणारी जोडणी केली. स्टोव्हच्या पंपाची पितळी नळी कापून तिच्यात मुंबईहून पुन्हा मागवलेला नवा डायोड आणि पुढं प्लॅस्टिकचं इवलंसं भिंग बसवलं. नवरात्रात, भरदुपारी खिडकी झाकून बटण दाबलं, आणि "ज्ञ" अक्षराच्या पोटात मसुराएवढा ठिपका उभा राहिला. स्थिर. तात्या कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. आता अनसाबाईंच्या चष्म्याच्या दांडीला नळी बसवायची, की झालं. दसऱ्याला बायको बोलेल, असं त्यांनी नियाजला सांगून टाकलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं पुजतात. कारखान्यात असताना तात्या मोटारींना हार घालत, घरी पाटावर पकड, हातोडी, मीटर मांडून हळदकुंकू वाहत. त्यात कधी खंड नव्हता. त्या वर्षी पाटाच्या मधोमध मानाच्या जागी पितळी नळी उभी केली. सगळ्या हत्यारांवर पाणी शिंपडलं. ओल्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं. पकडीला मुठीवर लावलं, हातोडीला टाळक्यावर. आणि नळीला? ती उभी होती. वर तोंड होतं, म्हणून तोंडावर लावलं. कपाळ समजून.

ज्यानं एवढे दिवस भिंगाजवळ श्वाससुद्धा जपून सोडला होता, त्यानं त्यावर सांगलीची कोरी हळद चोळली. भक्तीनं, हात जोडून.

दसऱ्याला ठिपका पसरट, धुरकट डाग होऊन आला. तात्यांनी फडक्यानं पुसलं तर हळद आणखी रुतली. मग रेडिओचे पॉइंट पुसायला ठेवलेलं थिनर कापसावर घेतलं. कारखान्यात थिनरनं सगळं साफ होतं. भिंग प्लॅस्टिकचं होतं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं पांढरं झालं.

नियाज त्या दिवशी सोनं द्यायला आला होता. आपट्याची पानं हातात घेऊन तसाच उभा राहिला. "तात्या, देवाला हळद चालती. भिंगाला न्हाई चालत."

"मला ठाव न्हवतं व्हय रं?"

"मग का लावली?"

"औंदा तिला जरा लवकर बोलता यावं म्हणून," तात्या म्हणाले.

नियाज पानं ठेवून गेला. भिंग शोधण्यात आणखी दिवस गेले. शेवटी त्या पहिल्या मेलेल्या सीडी प्लेअरच्याच डोळ्यातलं भिंग काढून घासून बसवलं. अनसाबाई या दिवसांत बारीक झाल्या होत्या. पेज उतरत नव्हती. संध्याकाळचा "उं" आता एकदाच निघायचा आणि मान पुन्हा उशीवर पडायची. शालूबाई म्हणाली, मान जड झाली त्यांची. तात्या म्हणाले, झालंच आता.

मार्गशीर्षात एका दुपारी झालं. तात्यांनी अनसाबाईंना उशा लावून बसतं केलं, नळी बांधलेला चष्मा नाकावर चढवला, खिडकीला चादर लावली आणि बटण दाबलं. भिंतीवर लाल ठिपका आला. तो थरथरत होता, कारण मान थरथरत होती. इथं केसभर हललं की तिथं वीतभर हलायचं. पण तिचा होता.

"बोल," तात्या म्हणाले. "काय बी बोल. मला शिव्या दे. पर बोल."

ठिपका बाराखडीवरून निघाला. क-ख वरून घसरला, प वर जरा घुटमळला, असं वाटलं इथं थांबतोय. थांबला नाही. खाली आला, भिंत सोडली, आणि पायथ्याच्या लोखंडी खुर्चीवर जाऊन टेकला. पकड, तारांची भेंडोळी, यांच्यावर.

"न्हाई, न्हाई. खाली गेला," तात्यांनी लगबगीनं चष्मा सरळ केला. "नळी ढिली हाय." स्क्रू आवळला. दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून मधोमध आणलं. "आता."

ठिपका पुन्हा निघाला. यावेळी अक्षरांत रेंगाळलासुद्धा नाही. सरळ खुर्चीवर.

"तात्या, आवं, खुर्ची दावत्यात त्या," शालूबाई म्हणाली.

"खुर्चीत काय हाय? पकड हाय. तिला पकड कशाला लागतीय?"

"पकड न्हवं. खुर्ची."

"तुला काय कळतंय त्यातलं? नेम चुकलाय. दांडी वाकडी हाय चष्म्याची." ठिपका खुर्चीवरच होता. थरथरत, पण तिथंच. तात्यांनी चष्मा काढून घेतला. "जरा पड तू. संध्याकाळपतोर नेम बसवतो. उद्या मोकळं बोल."

ते टेबलाशी गेले. खुर्चीवरची पकड घेऊन गेले, पण खुर्ची बघितली नाही. पाठ करून बसले आणि चष्म्याची दांडी वाकवू लागले. त्या संध्याकाळी मागून "उं" आला नाही. शांत झोपली, असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं, कारण काम बारीक होतं.

पहाटे कामाला आलेल्या शालूबाईनं हाक मारली. दुसरा झटका येऊन गेला होता. मान वळत नव्हती. डोळे उघडे होते, छताकडे. मिट म्हटलं तर मिटत नव्हते, बघ म्हटलं तर बघत नव्हते.

तात्यांनी चष्मा तिच्या नाकावर चढवून बटण दाबलं. ठिपका छतावर जाऊन बसला, मसुराएवढा, अगदी स्थिर. इतका स्थिर तो आजवर कधी पडला नव्हता. त्यांनी बटण बंद केलं. मग खुर्चीवरचा सगळा पसारा एका हातानं जमिनीवर लोटला, खुर्ची ओढून पलंगाजवळ आणली आणि बसले.

संक्रांत होऊन गेल्यावर अनसाबाई गेल्या. तोवर ते रोज बसले, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. उमा आली तेव्हा खुर्चीतच होते. ती दारात उभी राहून बघत राहिली. तिच्या जिभेवर बरंच होतं.

"तात्या, मी म्हणाले होते," एवढंच ती म्हणाली.

"व्हय," तात्या म्हणाले. "म्हणाली हुतीस."

पुढच्या खंडेनवमीला पाट मांडला नाही. शालूबाईनं विचारलं, "औंदा हत्यारं न्हाई पुजायची?" तात्यांनी मान हलवली. भिंतीवरची बाराखडी मात्र पुसली नाही. नियाज म्हणाला, चुना मारून देतो, तर नको म्हणाले.

नव्व्याण्णवच्या सुमाराला सांगलीच्या बाजारात किल्लीच्या जुडग्याला लावायचे चिनी लेझर आले. पोरांच्या हातात तेच. एका संध्याकाळी तात्या लोखंडी खुर्चीत बसले होते, रिकाम्या पलंगाशेजारी, तेव्हा समोरच्या माडीवरून कुणीतरी मारलेला लाल ठिपका खिडकीतून आत आला. बाराखडीवर नाचला, प वर, ख वर, कुठंही. पोरं तिकडे हसत होती.

तात्यांनी उठून खिडकी लावली आणि परत खुर्चीत येऊन बसले.